आठ किलो हवा

ट्रकला हवा लागते, हे कुणालाही ठाऊक असतं. ट्रक स्वतःची हवा स्वतः बनवतो, हे मात्र आपल्यासारख्या स्कूटर आणि छोट्या मोटारीवाल्यांच्या गावीही नसतं. पहाटे धाब्यापुढे ओळीने उभे असलेले ट्रक जागच्या जागी घरघरत का राहतात, हे मला फार दिवस उमगत नव्हतं. डिझेलचा भाव काय, आणि ही मंडळी इंजिन चालू ठेवून खुशाल दात घासतायत! पुढे उलगडा झाला. ड्रायव्हर हवा बनायची वाट बघत असतात; तोवर दातही घासून होतात.

गाडी रात्रभर उभी राहिली की सांध्यासांध्यांतून थोडी थोडी हवा निघून जाते. सकाळी इंजिन सुरू केलं की त्याला जोडलेला कंप्रेसर बाहेरची हवा ओढून, दाबून, चेसिसला टांगलेल्या टाक्यांत कोंबायला लागतो. डॅशबोर्डवरचा काटा चार, पाच, सहा करत आठ किलोच्या आसपास पोचतो आणि गाडीच्या पोटाखालून जोरात ‘फिस्स’ असा आवाज येतो. म्हणजे टाक्या भरल्या, कंप्रेसरला सुट्टी. या आवाजाने गाडीखाली झोपलेलं कुत्रं रोज दचकून पळतं आणि रात्री पुन्हा तिथेच येऊन झोपतं. ट्रकवाल्यांच्या भाषेत आता ‘हवा बनली’. टॉवेल खांद्यावर टाकून ड्रायव्हर वर चढतो.

एकाच गाडीत ब्रेकची हवा किलोत मोजतात आणि टायरची पौंडात, हे एक ध्यानात घ्यायला हवं. ‘आठ किलो’ म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला आठ किलोंचा दाब. ‘एकशे दहा’ म्हणजे दर चौरस इंचाला एकशे दहा पौंडांचा. ड्रायव्हरला सेंटिमीटरशी कर्तव्य नसतं आणि इंचाशी तर त्याहून नसतं. ब्रेकला आठ, टायरला एकशे दहा, एवढं त्याला पुरतं. बाजारात साखर किलोने आणि सोनं तोळ्याने घेणाऱ्या समाजात यात वावगं कुणालाच वाटत नाही. पण आठ किलोंचे पौंड करून पाहिले तर ते ११४ भरतात. हा आकडा लक्षात असू द्या. पुढचा सगळा तमाशा ११४ आणि ११० यांच्यामधल्या चार पौंडांचा आहे.

ब्रेकचं हे तंत्र मुळात रेल्वेचं. जॉर्ज वेस्टिंगहाउस या अमेरिकन माणसाने १८६९ साली त्याचं पेटंट घेतलं. पहिल्या प्रकारात एक बारीकशी अडचण होती : नळी फुटली की ब्रेक गायब. म्हणून १८७२ साली त्याने सगळा मामला उलटा केला. हवा असेल तर गाडी मोकळी, हवा गेली की ब्रेक लागलेच. आजच्या ट्रकच्या मागच्या चाकांवर जी जाडजूड स्प्रिंग असते, ती याच उलट्या डोक्याची. हवा तिला दाबून धरते; हवा उतरली की ती सुटते आणि चाकं जाम. मोटारवाला ब्रेक लागत नाही म्हणून घाबरतो, ट्रकवाला ब्रेक सुटत नाही म्हणून खोळंबतो. नवख्या माणसाला वाटतं गाडी बंद पडली. गाडी ठणठणीत असते, फक्त हवा बनलेली नसते.

अशी ही मोलाची हवा, आणि तिच्यावर डोळा ठेवून बसलेले किती! एकत्र कुटुंबात आजोबांच्या कनवटीला एकच पिशवी असावी आणि प्रत्येकाने येता-जाता ‘जरा द्या हो’ म्हणावं, तसं चाललेलं असतं. ब्रेक हा थोरला, त्याचा हक्क पहिला. क्लचला जोर कमी पडतो म्हणून त्याला थोडी. हॉर्नला थोडी. त्या हॉर्नमधून एकापाठोपाठ एक वेगवेगळे सूर काढायला मोटार वाहन नियमांची बंदी आहे, हे सगळ्या हायवेला माहीत आहे आणि सगळा हायवे ते सूर ऐकतच झोपतो. एअर फिल्टरमधली धूळ उडवायला थोडी. केबिनमधल्या शेंगदाण्याच्या फोलपटांना बाहेर घालवायला थोडी. आणि सगळी कामं आटोपल्यावर क्लीनर नळीचं तोंड स्वतःकडे वळवतो आणि कपड्यांवरची, केसांतली धूळ झाडून घेतो. हे करू नये. त्या दाबाची हवा कानात गेली तर पडदा फाटतो, कातडीतून आत शिरली तर जिवावर बेतते. पण उन्हाळ्याच्या दुपारी खताची पोती उतरवून घामाघूम झालेल्या पोराला हे कुणी सांगावं, आणि त्याने ते का ऐकावं?

मग साहजिकच प्रश्न येतो तो टायरचा. आजोबांच्या पिशवीतून हॉर्नला मिळतं, फोलपटांना मिळतं, तर ज्यांच्या जिवावर सगळा गाडा चालतो त्या टायरांनी काय घोडं मारलंय?

म्हणून बहुतेक ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या सीटमागे एक नळी गुंडाळून ठेवलेली असते. ती बघण्यासारखी चीज आहे. काळी, जाड, जागोजागी जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधलेली. ट्रकच्या दुनियेत ट्यूबच्या पट्टीने बांधता येत नाही अशी वस्तू नाही. आरशापासून जेवणाच्या डब्यापर्यंत सगळं तिने बांधलं जातं. नळीचं एक टोक टाकीजवळच्या तोंडाला लागतं, दुसऱ्या टोकाला चिमट्यासारखं पितळी तोंड असतं ते टायरच्या वालला. हा वालही गंमतशीर. श्रेडर कंपनीने १८९३ साली त्याचं पेटंट घेतलं आणि तेव्हापासून तो जवळजवळ तसाच आहे. माझ्या स्कूटरच्या वालची पिन आणि पंधरा-वीस टन ओढणाऱ्या ट्रकच्या वालची पिन एकाच घराण्यातली. इतकं समतावादी यंत्र दुसरं नसेल.

या नळीचा प्रयोग मी अगदी जवळून पाहिला तो पुणे–सातारा रस्त्यावर, खंबाटकीचा चढ लागण्याआधी. धाब्याशेजारी एक दहा चाकी ट्रक उभा होता. खताची पोती भरलेला, कोल्हापूरकडे निघालेला. ड्रायव्हर जत भागातला, पन्नाशीचा. क्लीनर मिसरूड फुटलेला. पोराने टामी घेतली आणि एकेका टायरवर आपटत निघाला. टण्ण, टण्ण, टण्ण. मागच्या धुऱ्यावर डाव्या बाजूच्या बाहेरच्या टायरने ‘धप्प’ असं उत्तर दिलं. सगळ्यांनी माना वळवल्या. टायरची तब्येत आवाजावरून ओळखणारे लोक जगभर आहेत. अमेरिकेतले ट्रकवाले त्यासाठी खास लाकडी दांडकं बाळगतात. दाबाचा मीटर बाळगणारे मात्र तिथेही आणि इथेही त्यापेक्षा कमी. दांडक्याला टायर पुरता बसलाय की नाही एवढंच खात्रीने कळतं; एकशे दहा आणि नव्वद यांतला फरक नक्की सांगता येत नाही. पण ते मारताना जे समाधान मिळतं ते मीटरमध्ये नाही.

या ड्रायव्हरकडे मात्र मीटर होता. त्याने लावला. ९८.

धाब्याच्या पलीकडे दहा पावलांवर पंक्चरवाला बसला होता. अर्धा जमिनीत गाडलेला टायर, त्यावर पांढऱ्या रंगात ‘पंक्चर’, मागे पत्र्याची शेड, शेडमध्ये मोठा कंप्रेसर. त्याच्या टाकीत बारा किलोपर्यंत हवा असते, त्यामुळे ९८ चे ११० करायला त्याला विडी पेटवण्याइतकाही वेळ लागत नाही. मी ड्रायव्हरला तसं सुचवलं.

“घरात हवा हाय की आपल्या,” तो म्हणाला, “इकत कशाला घ्यायची?”

हा मुद्दा बिनतोड होता. पोराने नळी काढली. एक टोक टाकीला, एक टोक वालला. सुर्रर्र! हवा धावली. पहिलं मिनिटभर सगळं झकास चाललं. पंक्चरवाला शांतपणे बघत होता. ही शांतता मला तेव्हाच खटकायला हवी होती, असं म्हणणार होतो. पण खरं तर पंक्चरवाल्यांचे चेहरे एरवीही तसेच असतात.

मग आवाज बारीक झाला. मग नुसतीच कुजबुज. मग तीही थांबली. मीटर लावला. १०३.

इथे शाळेतलं विज्ञान आडवं येतं. हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाते, आणि दोन्हीकडे सारखा दाब झाला की जागच्या जागी बसते. टाकी ११४ वर होती, टायर ९८ वर. टाकीने दिलं, टायरने घेतलं, आणि दोघं मधेच १०३ वर समसमान झाले. आता कुणी कुणाला द्यायचं? कंप्रेसर असतो ना, तो बनवेल की नवी हवा, असं तुम्ही म्हणाल. पण कंप्रेसर झोपलेला! त्याचा नियम असा की आठ किलोला झोपायचं आणि काटा सातच्या आसपास उतरल्याशिवाय डोळे उघडायचे नाहीत. सात किलो म्हणजे शंभर पौंडांना जेमतेम कमी. काटा होता सव्वासातावर. थोडक्यात, घर पुरतं रिकामं झाल्याशिवाय कमावता माणूस उठणार नाही, आणि तो उठल्याशिवाय टायरला पुढचं मिळणार नाही.

एव्हाना भोवती पाच-सहा माणसं जमली होती. आपल्याकडे उभ्या ट्रकची नुसती नळी बाहेर काढली तरी सल्लागार मंडळ आपोआप भरतं. त्यात एस.टी.तून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. हातात पिशवी, पिशवीत कोथिंबीर. त्यांनी परिस्थितीचा ताबा घेतला.

“अहो मामा, कंप्रेसर झोपलाय! ब्रेक मारा ब्रेक! चार-सहा वेळा दाबा, हवा खाली येऊ द्या!”

सल्ला शंभर टक्के बरोबर होता. दर वेळी ब्रेक दाबला की टाकीतली थोडी हवा खर्च होते, काटा उतरतो आणि कंप्रेसर जागा होतो. ड्रायव्हर वर चढला आणि दणादण ब्रेक दाबायला लागला. फुस्स, फुस्स, फुस्स. काटा सातवर आला. इंजिनाचा आवाज किंचित जड झाला, म्हणजे कंप्रेसर उठला. गृहस्थांनी आमच्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

फक्त एक गोष्ट राहिली होती. नळी अजून वाललाच होती, आणि चिमट्याने वालची पिन दाबून धरलेली होती. टाकी आली शंभराच्या खाली, टायर १०३ वर. हवेला ना ड्रायव्हर माहीत, ना शेठ. ती आपली उतारावर निघाली. ट्रकने टायरला दिलेली हवा टायरने ट्रकला परत करायला सुरुवात केली होती. पोराने मीटर लावला. १००.

“कमी झालं उस्ताद!” पोरगं ओरडलं.

“कमी कसं होईल? भरतोय ना आपण!” केबिनमधून उत्तर.

“नळी काढायची असते आधी,” गृहस्थ म्हणाले. “हे पण सांगायचं का?”

अमेरिकेत हा खेळ थोडा ऐटीत चालतो. तिथल्या अठरा चाकी गाड्यांत पुढचं इंजिन आणि मागची ट्रेलर यांच्यामध्ये हवेच्या दोन नळ्या असतात आणि त्यांचे जोड हातात हात घातल्यासारखे एकमेकांत अडकतात. ड्रायव्हर ट्रेलरचा जोड सोडवतो, तिथे आपली लांब नळी अडकवतो आणि सगळ्या चाकांभोवती फेरी मारतो. पण रडगाणं तिथेही हेच. तिथला कंप्रेसर साधारण १२५ ला झोपतो आणि १०० ला उठतो, आणि तिथेही टायर शंभरच्या पुढे गेला की गाडी आणि टायर एकमेकांकडे बघत बसतात. मग तिथलाही माणूस नळी काढतो, ब्रेक मारतो, नळी लावतो, इंजिन रेस करतो आणि हवामानाबद्दल बोलतो. या वैतागावर उपाय म्हणून काही ट्रेलरच्या पोकळ धुऱ्यांतूनच हवा आत नेऊन चाकं आपोआप फुगलेली ठेवायची सोय निघाली आहे. कल्पना त्याहून जुनी. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली निघालेल्या ‘डक’ नावाच्या पाण्यात आणि जमिनीवर चालणाऱ्या लष्करी ट्रकचा ड्रायव्हर जागेवर बसूनच टायरची हवा कमी-जास्त करू शकत असे. वाळूवर उतरताना कमी, डांबरी रस्ता लागला की जास्त. त्याच्याभोवती कोथिंबीर घेतलेले गृहस्थ नव्हते, हेही सोयीचंच.

इकडे पोराने नळी काढली होती. टाकी एकटीच भरू लागली. ड्रायव्हर पाय ॲक्सिलरेटरवर ठेवून बसला होता; धूर धाब्याच्या भट्टीकडे चालला होता, आणि धाब्याचा मालक काही बोलत नव्हता कारण चहाची दुसरी फेरी जमलेल्या सगळ्यांसाठी सुटली होती. त्या वेळात सल्लागार मंडळाने राष्ट्रीय प्रश्न हाती घेतले. उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी की नाही? एकाचं म्हणणं, ठेवावी. टायर तापला की हवा फुगते. हे मत हायवेवर फार लोकप्रिय आहे आणि ते चूक आहे. हवा तापून दाब वाढतो हे खरं, पण तो हिशोब टायर बनवणाऱ्याने धरलेलाच असतो. थंड टायरला सांगितलेला दाब ठेवायचा आणि तापल्यावर सोडायचा नाही, इतकंच. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, जास्त वाकला की जास्त तापतो, आणि मग उन्हाळ्यात फुटणारा तोच असतो.

दुसऱ्याने नायट्रोजनचा विषय काढला. पंपावर हिरव्या टोपीच्या वालवाली हवा मिळते, ती म्हणे बसतच नाही. ड्रायव्हरने वरून विचारलं, “त्येचं पैसं किती?” आकडा ऐकून त्याने ॲक्सिलरेटर जरा जोरात दाबला. आपल्या साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. म्हणजे तो बसला होता तिथे त्याला ते ७८ टक्के फुकट मिळत होतं, उरलेल्या बावीस टक्क्यांसाठी कोण पैसे मोजणार? अर्थात ट्रकच्या हवेत आणखीही काही असतं. कंप्रेसर हवेबरोबर तिच्यातला दमटपणाही दाबतो, थोडं ऑइलही सोडतो, आणि टाकीच्या तळाशी त्याचं दुधाळ पाणी साठतं. ते काढायचा छोटा कॉक खाली असतो. पावसाळ्यात कोकणातून आलेल्या गाडीचा कॉक उघडला तर बघणाऱ्याला वाटावं, ड्रायव्हर चहा सांडतोय. मधे बसवलेला ड्रायर यातलं बरंच अडवतो, तो धड असेल तर.

पेट्रोल पंपावर हवा मोफत द्यायची हा तेल कंपन्यांचा नियम आहे. पण ती मोटारींसाठी मनापासून आणि ट्रकसाठी तत्त्वतः. पंपावरचं डिजिटल यंत्र ३२ आणि ३५ वर मोठ्या आनंदाने टुंय टुंय करतं. ११० सांगितलं की त्याला अचानक दुरुस्तीची गरज भासते. शिवाय दहा चाकी तिथे वळणार कुठे आणि नळी आतल्या टायरपर्यंत पोचणार कशी?

आतला टायर हे तर स्वतंत्र प्रकरण आहे. मागे चाकं जोडीने असतात. बाहेरचा सगळ्यांना दिसतो, त्याला टामी बसते, त्याला मीटर लागतो, निवडणुकीत हार घालतात तोही त्यालाच. आतला अंधारात. त्याचा वाल शोधायला हात खांद्यापर्यंत घालावा लागतो, आणि हात बाहेर येतो तो ग्रीस, चिखल आणि एखादा ओरखडा घेऊन. पण जोडीतला एक मऊ झाला की त्याच्या वाट्याचं ओझं दुसऱ्यावर पडतं. हायवेच्या कडेला टायरच्या ज्या काळ्या साली पडलेल्या दिसतात, त्यांतल्या कितीतरी अशा संसारातल्या असतात.

एक गोष्ट मात्र थट्टेत घालवायची नाही. टायर फारच बसलेला असेल, सांगितलेल्या दाबाच्या ८० टक्क्यांखाली जाऊन तसाच पळालेला असेल, तर त्यात रस्त्याच्या कडेला हवा भरायची नसते. आधी उतरवून आतून तपासायचा असतो. आतल्या तारा तुटलेल्या असल्या तर तो भरता भरता बाजूने फाटतो. जुन्या ट्यूबवाल्या चाकांची लोखंडी रिंग नीट बसली नसेल तर ती उडते, आणि समोर उभा असेल त्याला मागे हटायला वेळ मिळत नाही. शहाणे पंक्चरवाले म्हणूनच चाक पिंजऱ्यात ठेवून भरतात किंवा निदान साखळीने बांधतात, आणि स्वतः बाजूला उभे राहतात. आमचा टायर ९८ चा होता म्हणून मीही चहा पीत बसलो होतो.

‘फिस्स’ झालं. कुत्रं पळालं. टाकी आठवर. पोराने आता पटकन नळी लावली, मिनिटभर ठेवली, दाब बरोबरीला यायच्या आत काढली. पुन्हा ब्रेक, पुन्हा इंजिन, पुन्हा नळी. हे असं बराच वेळ चाललं. शेवटी ड्रायव्हरच्या मीटरने ११० दाखवलं. गृहस्थांनी टामी मागून घेतली, एक दणका दिला, डोळे मिटून ऐकलं आणि निर्णय दिला, “एकशे पाच.” मीटर खरा की टामी, यावर मंडळात फूट पडली. पोरगं म्हणालं, अण्णाला विचारू.

पंक्चरवाला उठून आला. त्याने आपला लांब पितळी मीटर लावला, काढला, सगळ्यांना दाखवला. १०८.

“दहा रुपये,” तो म्हणाला.

“कशाचं?” ड्रायव्हर. “हवा आमची!”

“हवा तुमची. मीटर माझा.”

ड्रायव्हरने खिशात हात घातला. पंक्चरवाल्याने वाकून जोडीच्या फटीतून आत पाहिलं.

“आतल्याची बघितली का?”

ड्रायव्हरने पोराकडे पाहिलं, पोराने गृहस्थांकडे, गृहस्थांनी पिशवीतल्या कोथिंबिरीकडे. मग ड्रायव्हर वर चढला, इंजिन बंद केलं आणि खाली उतरून म्हणाला, “अण्णा, तुमचीच नळी आणा.”